डॉर्टमुंड ते कातोवित्से थेट विमान: कोळशाच्या दोन मुलखांमधला दीड तास

निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायची गरज नाही. जर्मनीतल्या डॉर्टमुंडहून पोलंडमधल्या कातोवित्सेला जाणारं विझ एअरचं थेट विमान स्वस्त आहे, सुटसुटीत आहे, आणि या दोन शहरांत ज्यांचं काम किंवा माणसं आहेत त्यांना त्याच्याशिवाय दुसरा शहाणा मार्ग नाही. पाहुणचार हवा असेल, पाय पसरून बसायचं असेल, तर मात्र या भानगडीत पडू नका. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. पाचवा तारा आकाशात नाही, जमिनीवर गेला. ते पुढे येईलच.

मी या मार्गावर गेली काही वर्षं ये-जा करते, ती फिरायला नाही. मी मूळची चंद्रपूरची. बाबा वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत होते, तिथल्याच दुर्गापूरच्या खुल्या खदानीत शॉवेल (कोळसा उपसणारं अवजड यंत्र) चालवत निवृत्त झाले. मी डॉर्टमुंडला पंपांच्या धंद्यात आहे, म्हणजे बंद पडलेल्या खाणींत साचणारं पाणी उपसणारे पंप. खाणीला कुलूप लागलं म्हणून पाणी यायचं थांबत नाही. डॉर्टमुंड ज्यात येतं त्या रुहर खोऱ्यात कोळसा काढून काढून जमीन काही ठिकाणी वीस मीटरहून जास्त खचली आहे; उपसा थांबवला तर वस्त्यांमध्ये तळी तयार होतील. म्हणून हा उपसा कायमचा आहे आणि त्याच्या खर्चासाठी वेगळा निधी उभारून ठेवलेला आहे. तिकडे पोलंडच्या वरच्या सायलेशियात, म्हणजे कातोवित्सेच्या मुलखात, काही खाणी बंद, काही अजून चालू. बंद खाणीचं पाणी शेजारच्या चालू खाणीत शिरू नये, म्हणून तिथेही रात्रंदिवस पंप चालतात. माझ्यासारख्यांना म्हणूनच हे विमान लागतं.

डॉर्टमुंडचा विमानतळ शहराच्या पूर्वेला, विकेडे आणि होल्त्सविकेडे यांच्या मध्ये आहे. मुख्य स्थानकावरून थेट एक्सप्रेस बस मिळते, तिला वेगळं तिकीट लागतं. होल्त्सविकेडे स्थानकावर उतरलात तर तिथून शटल बस आहे, अगदी थोड्या मिनिटांची. आणि घाई नसेल तर यू-४७ या शहरी रेल्वेने आपलरबेकला जाऊन ४४० नंबरची साधी शहर बस पकडायची. मी हीच पकडते. डॉइचलँडटिकिट, म्हणजे देशभरच्या स्थानिक बस-गाड्यांचा महिन्याचा पास, खिशात असताना वेगळे पैसे देणं माझ्या जिवावर येतं. हाम शहराच्या बाजूने येणाऱ्यांना होल्त्सविकेडे सोयीचं, शहरातल्यांना यू-बान. बाकी विशेष काही नाही.

आत गेल्यावर मात्र हा विमानतळ मला मनापासून आवडतो. ड्युसेलडॉर्फ किंवा फ्रँकफुर्टला गेटपर्यंत चालून पाय दुखतात. इथे सिक्युरिटी पार केली की समोरच गेट, बाजूला कॉफी, आणि बाहेर काचेतून विमान दिसतंच. विमानापर्यंत बऱ्याचदा चालतच जायचं, त्यामुळे पाऊस असेल तर भिजायची तयारी ठेवा. आणि वेस्टफालियात पाऊस असतोच.

आता बॅगेचं. विझ एअरच्या साध्या तिकिटात फक्त एक छोटी बॅग फुकट: चाळीस बाय तीस बाय वीस सेंटिमीटर, सीटखाली मावेल एवढी. चाकांची केबिन बॅग हवी तर जास्तीचे पैसे, सामान विमानाच्या पोटात टाकायचं तर आणखी. चेक-इन मोबाईलवर घरूनच करायचं, काउंटरवर केलं तर त्याचेही पैसे लागतात. हे सगळं तिकीट काढताना समोर लिहिलेलं असतं, लपवाछपवी नाही. पण साध्या तिकिटाचा आकडा बघून हुरळून गेलेला माणूस बॅग, सीट आणि रांगेत पुढे उभं राहायची सोय यांवर टिचक्या मारत गेला, तर शेवटचा आकडा तिप्पट होतो. मी नोटबुक, चार्जर, एक जोडी कपडे आणि सेफ्टी बूट एवढंच नेते. बूट बॅगेत मावत नाहीत, म्हणून ते पायात घालून जाते आणि सिक्युरिटीला काढून ट्रेमध्ये ठेवते. पुढच्या टोकाला लोखंड असल्यामुळे दर वेळी एक तपासनीस ते हातात घेऊन वजन करून बघतो.

गेटवर मी एकटीच तशी नसते. भर उन्हाळ्यात दोन-दोन जॅकेटं चढवलेले बांधकामावरचे कामगार, ज्यांच्या प्रत्येक खिशात काहीतरी कोंबलेलं आहे. जर्मनीत म्हाताऱ्यांची घरी राहून देखभाल करणाऱ्या पोलिश बायका, ज्या काही आठवडे कामावर आणि काही आठवडे गावी अशा पाळीने जगतात. नातवंडांना भेटायला आलेल्या आणि आता परत निघालेल्या आज्या. सुट्टीवर निघालेलं जोडपं फार तर एखादं. हे लोक रांगेत शांत उभे असतात, कारण त्यांना सगळे नियम पाठ आहेत. गडबड उडते ती माझ्यासारख्यांच्या पाहुण्यांची.

या गर्दीला इतिहास आहे, आणि तो कळल्याशिवाय हा मार्ग कशाला टिकला हे कळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रुहरच्या खाणींना माणसं कमी पडायला लागली, तेव्हा प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या पूर्वेकडच्या प्रांतांतून पोलिश बोलणारे लोक लाखोंनी इकडे आले. बोखुमला त्यांची वर्तमानपत्रं निघत, त्यांची स्वतंत्र कामगार संघटनाही होती. आजही डॉर्टमुंडच्या टपालपेट्यांवर ‘-स्की’ने संपणारी आडनावं भरपूर दिसतात, आणि ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या जर्मनच बोलतात. दुसऱ्या महायुद्धानंतर आणि पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत वरच्या सायलेशियातून जर्मन वंशाच्या हक्काने आणखी कुटुंबं आली. मग २००४ साली १ मे रोजी पोलंड युरोपियन युनियनमध्ये आला, आणि त्याच महिन्याच्या १९ तारखेला विझ एअरचं पहिलं विमान कातोवित्सेहून लंडनच्या लूटनला उडालं. म्हणजे या कंपनीचा जन्मच मुळात कातोवित्सेच्या धावपट्टीवरचा. ब्रिटनने पोलिश कामगारांना लगेच दार उघडलं. जर्मनीने २०११ च्या १ मेपर्यंत थांबवून ठेवलं. फुटबॉलवाल्यांना त्या काळातलं डॉर्टमुंड वेगळ्याच कारणाने आठवेल. २०११ आणि २०१२ ला इथल्या बोरुसिया क्लबने जर्मन लीग जिंकली तेव्हा संघात तीन पोलिश खेळाडू होते, आणि त्यातला पिश्चेक कातोवित्सेच्या दक्षिणेकडचा, गोचाल्कोवित्सेचा. या विमानात बोरुसियाचे पिवळे-काळे मफलर दिसतात ते उगाच नाही.

एकदा माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, रुहरमधल्या बोट्रॉपला मुलीकडे राहून गावी परत निघालेल्या. त्या माझ्याशी जर्मन बोलत होत्या आणि मध्येच सायलेशियन शब्द टाकत होत्या; मला अर्धं कळत होतं, त्यांना त्याची फिकीर नव्हती. त्यांचे वडील जर्मन सैन्यात, भाऊ पोलिश खाणीत, जावई रुहरच्या खाणीत. ‘देश कुठला’ असं मी विचारलं तर त्या म्हणाल्या, मी कुठे गेलेच नाही, देशच बदलत राहिले. मग पर्समधून पाव काढून अर्धा मला दिला. विमानात पाणीसुद्धा विकत घ्यावं लागतं, हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

विमानाबद्दल सांगण्यासारखं कमी आहे. एअरबसचं ए-३२० असतं किंवा ए-३२१ निओ. पहिल्यात १८० जागा, दुसऱ्यात २३९. सीटची पाठ मागे जात नाही. पाच फूट चार इंचाच्या मला गुडघ्यांची अडचण होत नाही, सहा फुटी सहकारी तिरका बसतो. अंतर सरळ रेषेत आठशे किलोमीटरच्या आसपास, वेळापत्रकात दीड तासाच्या घरात. विमान वर चढून सरळ झालं, विक्रीची गाडी एकदा मागे-पुढे गेली, की उतरायची सूचना होते. रात्र असेल तर झोपा. दिवस असेल आणि हवा स्वच्छ असेल, तर जाताना उजवी खिडकी घ्या. शेवटच्या अर्ध्या तासात पोलंड-चेक सीमेवरचे डोंगर दिसण्याची शक्यता असते, हिवाळ्यात त्यांच्यावर बर्फ असतं.

येताना मात्र डावी खिडकी. वारा पूर्वेचा असेल तर विमान पश्चिमेकडून डॉर्टमुंडवर येतं, आणि डावीकडे बोरुसियाचं स्टेडियम त्याच्या पिवळ्या खांबांसकट दिसतं. थोड्याच वेळात जवळजवळ पोटाखालून फिनिक्स तलाव जातो. इथे पूर्वी पोलाद कारखाना होता. २००१ ला तो थंडावला, मग चिनी कामगारांनी तो सुटा करून, नटबोल्टांवर नंबर टाकून, जहाजाने चीनला नेला. त्या खड्ड्यात २०१० ला पाणी सोडलं. आज काठावर पांढरे बंगले आणि होड्या. मी दर वेळी खाली बघते आणि त्याच्या पाण्याची पातळी कोण सांभाळत असेल असा धंदेवाईक विचार करते.

उतरताना एक गोष्ट पहिल्यांदा येणाऱ्याला घाबरवते. डॉर्टमुंडची धावपट्टी दोन हजार मीटरची, म्हणजे एवढ्या विमानांसाठी आखूडच. वैमानिक चाकं हळुवार टेकवत बसत नाही. ठाम टेकवतो आणि लगेच करकचून ब्रेक लावतो. पट्टा घट्ट ठेवा, फोन हातातून सुटू देऊ नका. यात काही बिघडलेलं नसतं, अशीच पद्धत आहे. पलीकडे कातोवित्सेची धावपट्टी ३२०० मीटर, २०१५ ला नवी बांधलेली, तिथे विमान निवांत धावत राहतं. टाळ्या मात्र दोन्हीकडे पडतात.

आता तो पाचवा तारा. कातोवित्सेचा म्हणून सांगितला जाणारा विमानतळ कातोवित्सेत नाही. तो पिझोवित्से नावाच्या गावी, शहराच्या उत्तरेला तीसएक किलोमीटरवर आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने बांधलेला तळ, युद्धानंतर पोलिश सैन्याकडे, पुढे नागरी वाहतुकीला खुला. आता त्याला वोइचेख कोरफांतींचं नाव दिलंय. कोरफांती आधी बर्लिनच्या संसदेत पोलिशांची बाजू मांडणारे खासदार आणि नंतर जर्मन सत्तेविरुद्धच्या १९२१ च्या सायलेशियन उठावाचे नेते. डॉर्टमुंडहून येणाऱ्या विमानाला याहून समर्पक नाव मिळालं नसतं. पण नावाने बस लवकर येत नाही. महानगर परिवहनाची ‘एपी’ मार्गाची बस कातोवित्से स्थानकापर्यंत जाते, ती चांगली आणि स्वस्त आहे. मात्र तुमचं विमान आणि तिची वेळ जुळली नाही, तर दीड तासाच्या उड्डाणानंतर दीड तास जमिनीवर जातो. २०२३ च्या डिसेंबरपासून विमानतळाजवळ रेल्वे थांबाही झालाय, पण गाड्या मोजक्या, आणि आडवळणाने. रात्री उशिरा उतरलात तर टॅक्सी. ॲपवर बोलावलेली घ्या. दाराशी ‘टॅक्सी, टॅक्सी’ करणाऱ्या एकाने आमच्याकडून जवळजवळ विमानाच्या तिकिटाएवढे झ्लॉटी घेतले होते आणि वर सुटे नाहीत म्हणाला. कार्ड सगळीकडे चालतं, रोख बदलत बसू नका.

आमच्याकडून म्हणजे मी, आई आणि बाबा. ते दोघं शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसावर, उन्हाळ्यात आले होते. मराठी मंडळी पोलंड म्हटलं की क्राकोव आणि ऑशविट्झ बघून येतात, आणि त्यासाठी हे विमान उत्तमच आहे: कातोवित्सेहून क्राकोव साधारण ऐंशी किलोमीटर, ऑशविट्झ त्याहून जवळ. आम्हीही गेलो. पण बाबांना मी आधी झाब्झेला नेलं, कातोवित्सेहून लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या आत. तिथे ‘गुइदो’ नावाची खाण आहे, १८५५ ला एका जर्मन सरदाराने काढलेली, आता पर्यटकांना दाखवतात. आगाऊ नोंदणी करावी लागते. हेल्मेट घालून पिंजऱ्यात उभं राहायचं आणि एकशेसत्तर मीटरवर, मग तीनशेवीस मीटरवर खाली जायचं.

बाबांनी आयुष्यभर कोळसा काढला तो उघड्यावर, उन्हात. दुर्गापूरला खदान म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांचा प्रचंड खड्डा, वर मे महिन्याचं शेहेचाळीस डिग्री आकाश, कडेला बाभळी, आणि कधीकधी वाघ. जमिनीच्या पोटात ते कधी उतरलेच नव्हते. पिंजरा थांबला, दार उघडलं, समोर दिव्यांची रांग आणि डोक्यावर लोखंडी कमानी. बाबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग आईला म्हणाले, “येवढ्या खाली येऊन कोळसा काढाचा? आपला तं उघडाच हाय, वरून दिसते.” पुढे छताला टांगलेल्या छोट्या रेल्वेत बसवून थरापर्यंत नेलं आणि कोळसा कापणारं यंत्र चालू करून दाखवलं. दाते फिरायला लागले, कान बधिर झाले. तेव्हा बाबा सरळ मार्गदर्शकाजवळ गेले. तो स्वतः निवृत्त खाणकामगार. त्याला इंग्रजी जेमतेम, बाबांना पोलिश शून्य. मी दुभाषी होऊ लागले तर दोघांनीही मला हाताने बाजूला केलं. बोटांनी थराची जाडी, हातवाऱ्यांनी डंपरचा आकार, हवेत वर्तुळं काढून बकेट. बाबांनी फोनवर त्यांच्या शॉवेलचा फोटो दाखवला, त्याने यंत्रापाशी उभ्या माणसाकडे बोट दाखवून ‘तुम्ही?’ असं केलं. मग दोघं हसले. बाकीचा गट पुढे निघून गेला होता.

तीनशेवीस मीटरवर एक बार आहे. आईने तिथे लिंबू सरबतासारखं काहीतरी घेतलं आणि जमिनीखाली एवढं आत बसून पिणारे लोक वेडे आहेत असं मत दिलं.

दुसऱ्या दिवशी निकिशोवित्स. कातोवित्सेमधलीच कामगार वसाहत, लाल विटांची, १९०८ पासून खाणीसाठी बांधलेली. आराखडा त्सिलमान आडनावाच्या दोन चुलतभावांचा, जॉर्ज आणि एमील. घरं आतल्या चौकाभोवती, खिडक्यांच्या कडा लाल रंगवलेल्या, मध्ये चर्च. डॉर्टमुंड भागातल्या खाण वसाहती पाहिलेल्या माणसाला इथे ओळखीचं वाटतं. फरक एवढाच की तिकडे बागा आहेत, इथे चौक. आईने पडदे बघितले, बाबांनी खाणीचा टॉवर शोधला. दोघांनाही वेकोलिची कॉलनी आठवली असणार, पण कोणी बोललं नाही.

खाणं: रविवारचं सायलेशियन जेवण म्हणजे रोलादा, क्लुस्की आणि लाल कोबी. रोलादा गोमांसाची असते, आमच्याकडे ती कोणी घेतली नाही. क्लुस्की बटाट्याचे गोल गोळे, मध्ये अंगठ्याने खळगा, त्यात रस्सा साचायला. मांसाचा रस्सा नको, लोणी आणि मशरूम द्या असं सांगितलं तर देतात. मी झुरेक मागवलं, म्हणजे राय धान्याचं पीठ आंबवून केलेलं गरम सार, त्यात अंडं आणि सॉसेज. आईने नुसता वास घेतला आणि म्हणाली, “ही तर आंबील आहे.” सॉसेज बाजूला करून दोन चमचे प्यायली. मग वेटरला मराठीत ‘छान’ म्हणाली. त्याला कळलं.

कातोवित्सेच्या मधोमध, १९७१ चं तबकडीच्या आकाराचं स्पोदेक सभागृह आणि त्याला लागून जुन्या खाणीच्या जागेवर उभं केलेलं संमेलन केंद्र आहे. २०१८ च्या डिसेंबरात तिथे जगभरचे देश हवामान परिषदेसाठी जमले होते. आणि त्याच डिसेंबरात, २१ तारखेला, रुहरमधल्या बोट्रॉपला जर्मनीची शेवटची दगडी कोळशाची खाण बंद झाली. शेवटचा ढेकूळ राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिला. डॉर्टमुंड शहरातली शेवटची खाण तर १९८७ लाच संपली होती. पोलंडने शेवटच्या खाणीसाठी २०४९ हे साल कबूल केलंय. या विमानातून दीड तासात तुम्ही एका मुलखाच्या संपलेल्या कोळशातून दुसऱ्या मुलखाच्या संपत आलेल्या कोळशात जाता. हिवाळ्याच्या संध्याकाळी विमानाचं दार उघडलं की धुराचा वास येतो, तो मला चंद्रपूरच्या घराचा वाटतो. बाकीच्यांना खोकला येतो. तुम्हाला दमा असेल तर जानेवारी टाळा, हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

एक रात्र मात्र सांगायलाच हवी, कारण ती कोणावरही येऊ शकते. नोव्हेंबरातलं संध्याकाळचं विमान, पिझोवित्सेला दाट धुकं. आम्ही उशिरा निघालो. डॉर्टमुंडला रात्रीची बंदी आहे: नेहमीची उड्डाणं दहापर्यंत, उशीर झालेल्यांना थोडी सवलत, त्यानंतर दार बंद, कारण विमानतळ वस्त्यांना चिकटून आहे. आमची सवलत हवेतच संपली. विमान कोलोन-बॉनला उतरलं, तो चोवीस तास चालतो. तिथून बसने डॉर्टमुंड, घरी पोचेपर्यंत पहाट व्हायला आलेली. धुक्यावर चिडून काय करणार? युरोपच्या नियमाने दीड हजार किलोमीटरच्या आतल्या प्रवासाला तीन तासांहून जास्त उशीर झाला तर २५० युरो भरपाई मिळते, पण कारण हवामान असेल तर नाही. बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवरचा फरशी बसवणारा माणूस सकाळी सहाला हागेनला कामावर हजर व्हायचा होता. तो घरी न जाता सरळ साइटवरच उतरला तरी चालेल का, असं ड्रायव्हरला विचारत होता. तेव्हापासून दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक असेल तर मी शेवटचं विमान घेत नाही.

दुसरे मार्ग? रस्त्याने जवळजवळ हजार किलोमीटर. बस रात्रभर चालते, थेट शहरात सोडते आणि जास्त सामान घेते, म्हणून सामानवाली कुटुंबं अजूनही बसनेच जातात. पण आता सीमेवर तपासणी होते: जर्मनीने २०२३ च्या ऑक्टोबरपासून, पोलंडने २०२५ च्या जुलैपासून. रात्री दोनला बस थांबवून दिवे लावून पासपोर्ट बघतात. विमानाने दोन्ही टोकं शेंगेनमध्येच असल्यामुळे शिक्क्याची रांग नाही, तरी भारतीय पासपोर्ट आणि जर्मनीचा निवास परवाना दोन्ही मूळ प्रती बरोबर ठेवा, फोनमधला फोटो चालत नाही. रेल्वेने बर्लिनला बदलून जाता येतं, सगळा दिवस जातो. मला ती आवडते, पण कंपनी त्या दिवसाचा पगार देते म्हणून.

भाड्याचं गणित ऋतूवर आहे. फेब्रुवारी किंवा ऑक्टोबरच्या मधल्या मंगळवारी साधं तिकीट स्थानिक हॉटेलातल्या जेवणापेक्षा स्वस्त मिळालेलं आहे. ईस्टर, नाताळ आणि १ नोव्हेंबर या तीन वेळा मात्र भाव चढतात. १ नोव्हेंबरला अख्खा पोलंड पूर्वजांच्या थडग्यांवर दिवे लावायला गावी जातो, आणि त्यांच्यातले अर्धे जण रुहरहून निघालेले असावेत असं त्या आठवड्यातलं विमान बघून वाटतं. उड्डाणाचे वार आणि वेळा उन्हाळा-हिवाळ्याच्या वेळापत्रकांप्रमाणे बदलतात, तेव्हा मागच्या वर्षीच्या आठवणीवर सुट्टी टाकू नका.

नुसतं क्राकोव बघायचं असेल तर आधी थेट क्राकोवचं विमान कितीला मिळतंय ते बघा. फरक दहा-वीस युरोंचा असेल तर तेच घ्या, पिझोवित्सेची बस वाचेल. खाणी बघायच्या असतील, सायलेशिया बघायचा असेल, तर हेच विमान, आणि जमल्यास ४ डिसेंबरच्या आधी. तो संत बार्बराचा, म्हणजे खाणकामगारांचा दिवस. निकिशोवित्समध्ये त्या दिवशी भल्या पहाटे खाणीचा बँड काळ्या गणवेशात, तुरेवाल्या टोप्या घालून, गल्लीगल्लीतून वाजवत लोकांना उठवतो. त्यासाठी आदल्या रात्री कातोवित्सेतच मुक्काम हवा, आणि तिकीट ऑक्टोबरातच काढलेलं बरं. बाबांना पुढच्या खेपेला तेव्हाच बोलावलंय. त्यांच्या व्हिसासाठी केंद्रातली तारीख मिळाली की तिकिटं काढते.